दुपारचे सव्वा की रात्रीचे? : येरवड्यातल्या पन्नास दिवसांचा प्रकरण अभ्यास

मराठीत नुसते 'सव्वा वाजता भेटू' असे सहसा कोणी म्हणत नाही. दुपारी सव्वा वाजता, रात्री सव्वा वाजता, असे प्रहर आधी सांगून आपण वेळ सांगतो. २००७ साली पुण्यातून गेलेल्या एका सरकारी पत्रात वेळ होती, पण प्रहर स्पष्ट नव्हता. त्यापायी बेंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याने पन्नास दिवस येरवडा कारागृहात काढले.

इंटरनेट पुरवठादाराच्या कामात मी बरीच वर्षे आहे. नवीन माणूस कामावर आला की पोलिसांच्या पत्राला उत्तर कसे द्यायचे हे शिकवताना मी हेच प्रकरण आधी सांगतो. माहिती संरक्षणाचा कायदा म्हटले की चोरीला गेलेले पासवर्ड आणि फुटलेले आधार क्रमांक एवढेच डोळ्यांसमोर येते. चोरी नाही, फुटणे नाही, तरीही कंपनीने दिलेल्या माहितीने माणूस उद्ध्वस्त होऊ शकतो, हे या प्रकरणात दिसते. आपला कायदा अजूनही या जागी कच्चा आहे असे माझे ठाम मत आहे, आणि नवा कायदा आल्यावर ते बदललेले नाही.

काय घडले

२००६ आणि २००७ ही ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमाच्या भराची वर्षे. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी तिथे आलेल्या आक्षेपार्ह मजकुरामुळे पुण्यात वातावरण तापले होते आणि सायबर कॅफेंची मोडतोडही झाली होती. पोलिसांवर दडपण होते आणि लोकांचा संताप खरा होता. महाराजांच्या बदनामीचा प्रश्न महाराष्ट्रात कोणी हलक्यात घेत नाही, आणि घेऊही नये. पण गुन्हा जितका संवेदनशील, तितकी आरोपी ओळखताना खबरदारी जास्त लागते. इथे उलट झाले.

पुणे पोलिसांच्या सायबर शाखेने तपास ज्या पायऱ्यांनी केला, त्या आजही त्याच आहेत. ऑर्कुट गूगलच्या मालकीचे, म्हणून मजकूर कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या कोणत्या क्रमांकावरून चढवला हे गूगलकडून मिळाले. तो पत्ता एअरटेलच्या ताब्यातल्या पत्त्यांपैकी होता, म्हणून त्या वेळी तो कोणत्या ग्राहकाकडे होता हे एअरटेलला विचारले गेले. एअरटेलने नाव आणि पत्ता दिला. ३१ ऑगस्ट २००७ रोजी पोलिसांनी बेंगळुरूत जाऊन त्या अभियंत्याला अटक केली आणि पुण्याला आणले. आपण हे केलेले नाही, असे तो सांगत राहिला.

पन्नास दिवसांनी तो सुटला, कारण एअरटेलने दिलेली माहिती चुकीची होती. त्या वेळी तो आयपी पत्ता त्याच्याकडे नव्हताच. मजकूर दुपारी १:१५ला चढवला की रात्री १:१५ला, हे पोलिसांच्या पत्रात नीट लिहिलेले नव्हते आणि कंपनीने दोहोंपैकी चुकीची वेळ धरली.

आत काय सोसावे लागले ते त्याने नंतर वृत्तपत्रांना सांगितले. लाठीचा मार बसला. खचाखच भरलेल्या बराकीत कच्च्या कैद्यांबरोबर राहावे लागले. जेवायला आणि शौचाला एकच भांडे होते. खरे संशयित सापडल्यानंतरही त्याची सुटका व्हायला सुमारे तीन आठवडे गेले. मला सर्वांत जास्त सलतात ते हेच तीन आठवडे. पहिली चूक एका वेळेच्या आकड्याची होती. चूक कळल्यावरही माणूस आत राहिला, त्याला मात्र आकड्याचे निमित्त देता येत नाही.

सुटल्यावर त्याने वीस कोटी रुपयांच्या भरपाईची कायदेशीर नोटीस दिली. वृत्तपत्रांतल्या बातम्यांवरून राज्य मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली आणि कंपनीने त्याला दोन लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. म्हणजे येरवड्यातल्या एका दिवसाला चार हजार रुपये.

आयपी पत्ता म्हणजे लॉजची खोली

बाहेरच्या वाचकाला ही चूक अविश्वसनीय वाटते. इतक्या मोठ्या कंपनीला आपला ग्राहक कोण हे कळू नये? त्यासाठी नोंद कशी दिसते हे पाहायला हवे.

आयपी पत्ता हा घराच्या पत्त्यासारखा कायमचा नसतो. लॉजमधल्या खोलीच्या क्रमांकासारखा तो असतो. आज खोली क्रमांक १२ एका पाहुण्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. घरगुती ग्राहकाने मोडेम सुरू केला की पुरवठादाराची यंत्रणा त्याला मोकळा असलेला एक पत्ता देते. मोडेम बंद झाला की तो पत्ता परत येतो आणि पुढच्याला मिळतो. लॉजच्या रजिस्टरसारखी इथेही नोंद होते: ग्राहकाचे खाते, दिलेला पत्ता, सत्र सुरू झाल्याची वेळ, सत्र संपल्याची वेळ.

समजा एका तारखेला एकच पत्ता रात्री १२:२० ते ३:०५ एका ग्राहकाकडे होता आणि सकाळी ९:४० ते दुपारी २:५० दुसऱ्याकडे. विचारणा आली, '१:१५ला कोण?' या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि रजिस्टरप्रमाणे दोन्ही बरोबर आहेत. नोंद बघणाऱ्याला एक ओळ आधी दिसली की तो तीच उतरवून देतो. दुसरी ओळ दहा-बारा ओळी खाली असते आणि तिच्याकडे बघायला त्याला काही कारण नसते.

रात्रीच्या वेळेत आणखी एक खोच आहे. बोलताना आपण 'काल रात्री सव्वाला' म्हणतो, पण बारा वाजल्यावर तारीख बदललेली असते. तक्रारदाराची 'कालची रात्र' आणि संगणकाची तारीख यांत एका दिवसाचा फरक पडतो. परदेशी कंपनीने दिलेली वेळ जागतिक प्रमाण वेळेत असेल, तर तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. ते कोणी मिळवायचे, तपास अधिकाऱ्याने की पुरवठादाराने? दोघांनी मिळवले तर वेळ साडेपाच तास पुढे जाते, कोणीच मिळवले नाहीत तर साडेपाच तास मागे राहते.

हल्ली गुंता आणखी वाढला आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात संपत आल्यामुळे पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता एकाच क्षणी अनेक ग्राहकांना वाटून देतात. लॉजची खोली आता धर्मशाळेतली ओसरी झाली आहे. अशा वेळी नुसता पत्ता आणि मिनिट पुरत नाही. पोर्ट क्रमांक, म्हणजे एकाच पत्त्यावरच्या जोडण्या वेगळ्या ओळखणारा आकडा, आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. विचारणेत हे नसेल, तर 'एकच ग्राहक ओळखता येत नाही' हेच प्रामाणिक उत्तर असते. ते लिहायला धीर लागतो, कारण समोर पोलिसांचे पत्र असते आणि त्यावर 'अत्यंत तातडीचे' असा शिक्का असतो.

त्या वेळचा कायदा काय म्हणत होता

२००७ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० त्याच्या मूळ रूपात होता. पुरवठादाराविषयीचे मुख्य कलम होते ७९. दुसऱ्या कोणाच्या मजकुरासाठी पुरवठादाराला जबाबदार धरू नये, जर त्याला त्याची माहिती नव्हती किंवा त्याने योग्य ती खबरदारी घेतली होती, असा त्याचा आशय. हे संरक्षण परक्याच्या मजकुरापुरते होते. पुरवठादाराने स्वतःच्या दप्तरातून चुकीची माहिती दिली तर काय, याबद्दल कायदा गप्प होता. कलम ७२ मध्ये गोपनीयता मोडल्याबद्दल शिक्षा होती, पण ती या कायद्याखालचे अधिकार वापरून माहिती मिळवणाऱ्यांसाठी होती. कंपन्यांच्या बाजूने नियम होता परवान्याचा: ग्राहकाची ओळख ठेवा, नोंदी ठेवा, यंत्रणांनी मागितल्या की द्या. द्यायचे बंधन होते. बरोबर द्यायचे, आणि चुकल्यास ग्राहकाचे काय करायचे, हे त्या बंधनात नव्हते.

माहिती मागण्याचा रस्ताही बघण्यासारखा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेशाने कागदपत्रे मागवू शकत असे. न्यायालयाकडे जायची गरज नव्हती. पण टपाल खात्याच्या ताब्यातले पत्र किंवा पोस्टकार्ड हवे असेल, तर कलम ९२ होते आणि त्यासाठी जिल्हा दंडाधिकारी किंवा न्यायालय लागे. चार ओळींच्या पोस्टकार्डाला दंडाधिकाऱ्याची किंवा न्यायालयाची सही आणि इंटरनेटच्या ग्राहकाच्या ओळखीला ठाण्याचे पत्र! १ जुलै २०२४ पासून संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिथे या कलमांचे क्रमांक ९४ आणि ९५ आहेत. ठाण्याच्या पत्रावर माहिती मागवायची सोय कायम आहे.

आता हे पत्र न्यायाधीशापुढे गेले असते, तर त्याने 'दुपारी की रात्री?' हे विचारले असते का? खात्री देता येत नाही. पण कागद आणखी एका माणसाच्या डोळ्यांखालून गेला असता, आणि विचारण्याची जबाबदारी त्या माणसावर असती.

दोष कोणाचा, यावर मी पुष्कळ वाद ऐकले आहेत. कंपनीत काम करणारे पोलिसांकडे बोट दाखवतात: पत्रच अर्धवट होते. मी स्वतः कंपनीच्या बाजूचा माणूस आहे आणि मला हे पटत नाही. अर्धवट पत्र आले तर ते परत पाठवायचे असते. रजिस्टर आपल्याकडे असते, त्यात एका वेळेला दोन नावे निघू शकतात हे आपल्यालाच ठाऊक असते, अधिकाऱ्याला ते ठाऊक असेलच असे नाही. ज्याला संदिग्धता दिसू शकते त्याने ती दाखवली पाहिजे. आणि पोलिसांच्या बाजूने, आयपी पत्ता जोडणी दाखवतो, माणूस दाखवत नाही. त्या जोडणीमागे घरातली पाच माणसे, भाडेकरू, वायफाय वापरणारा शेजारी, कोणीही असू शकते. नुसत्या त्या धाग्यावर दुसऱ्या राज्यात जाऊन अटक करणे ही तपासाची घाई होती.

आयोगाने पैसे कंपनीला भरायला लावले, हेही विचित्रच. मानवी हक्क संरक्षण कायद्यात आयोगाची चौकशी मुख्यतः लोकसेवकांच्या वागणुकीची असते. खासगी कंपनीच्या चुकीसाठी ग्राहकाला त्या दारात न्याय मिळावा लागला, कारण माहितीच्या चुकीची दाद मागायला दुसरे सरळ दारच नव्हते.

नंतर किती बदलले

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. कलम ४३अ आले: संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळण्यात कंपनीने हयगय केली आणि कोणाचे नुकसान झाले, तर कंपनीने भरपाई द्यायची. कलम ७२अ आले: करार मोडून, नुकसान होईल हे ठाऊक असताना माहिती उघड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा (त्या वेळी) पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ६७क आले: मध्यस्थांनी, म्हणजे इंटरनेट पुरवठादारांसारख्या कंपन्यांनी, नोंदी ठरावीक काळ जपायच्या.

आपल्या अभियंत्याला यातले काय कामी आले असते? फारसे काही नाही. २०११ च्या नियमांत 'संवेदनशील' माहितीची यादी आहे: पासवर्ड, बँकेचे आणि कार्डाचे तपशील, आरोग्य, लैंगिक कल, शरीराची जैविक ओळख. ग्राहकाचे नाव-पत्ता त्यात बसत नाही. ७२अ ला हेतू किंवा जाणीव लागते आणि इथे निव्वळ निष्काळजीपणा होता. तरी ४३अ ने एक मोलाची गोष्ट केली होती. भरपाई थेट पीडिताला मिळू शकते हे तत्त्व कायद्यात आले. दावा पाच कोटींपर्यंतचा असेल तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे न्यायनिर्णयासाठी जाता येते. महाराष्ट्रात नक्कल सिमकार्ड काढून खाती रिकामी केल्याच्या प्रकरणांत बँका आणि मोबाइल कंपन्यांविरुद्ध या मार्गाने ग्राहकांना पैसे मिळालेही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि त्यातून पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ आला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. बहुतेक मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायच्या आहेत.

हा कायदा हातात घेऊन मी हे जुने प्रकरण त्यावर ठेवून पाहिले. कलम ८(३) वाचून पहिल्यांदा बरे वाटले. माहितीवरून एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय होणार असेल किंवा ती माहिती हाताळणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे जाणार असेल, तर ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री कंपनीने करायची. २००७ मध्ये जे बंधन नव्हते, ते हेच.

मग कलम १७ आले. गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास किंवा खटला यासाठी माहितीवर प्रक्रिया होत असेल, तर कायद्याचे दुसरे प्रकरण जवळपास सगळे गैरलागू. त्यातून कलम ८ ची फक्त दोन पोटकलमे वाचतात, (१) आणि (५): कायदा पाळण्याची सर्वसाधारण जबाबदारी आणि माहिती सुरक्षित ठेवण्याची खबरदारी. पोटकलम (३), म्हणजे अचूकता, वाचत नाही. नागरिकाचे हक्क सांगणारे तिसरे प्रकरणही तिथे बाजूला राहते. कुरिअर कंपनीने माझा पत्ता चुकवला तर कायदा अचूकतेची अपेक्षा करतो. ज्या चुकीने माणूस कोठडीत जाऊ शकतो, तिथे मात्र ती अपेक्षा गळून पडते. तपासाला गुप्तता लागते, आरोपीला आधी कळवून चालत नाही, हे मला मान्य आहे. पण अचूकतेने कोणता तपास बिघडतो? ती सवलत कोणासाठी ठेवली, हे मला अजून उमगलेले नाही.

भरपाईचेही तसेच. नव्या कायद्यात कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचे नुकसान झाले त्याला पैसे देण्याचा अधिकार या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला नाही. आणि हाच कायदा लागू होताना जुने कलम ४३अ वगळले जाणार आहे. अरुंद का होईना, जे दार होते तेही बंद होते आहे.

तंत्राच्या बाजूने मात्र काही चांगले झाले, आणि ते सांगायलाच हवे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने निर्देश काढले. त्यात पुरवठादारांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत असे बंधन आहे. नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. दूरसंचार विभागाने परवान्यातली नोंदी ठेवण्याची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये दोन वर्षे केली. घड्याळे जुळल्याने दोन यंत्रांतला फरक मिटतो. पत्रातली वेळ अर्धवट असण्याचा प्रश्न त्याने मिटत नाही.

ब्रिटनने या चुका मोजायचे ठरवले. तिथे पोलिसांच्या अशा मागण्यांवर देखरेख करणारे स्वतंत्र आयुक्त असतात. त्यांच्या वार्षिक अहवालांत गंभीर चुका प्रकरणवार येतात. चुकीचा आयपी पत्ता, उलटी लिहिलेली तारीख, वेळेचे चुकलेले रूपांतर, आणि त्यामुळे निरपराधांच्या घरावर पडलेल्या धाडी, हे सगळे तिथे छापलेले असते. येरवड्यासारखी प्रकरणे आपल्याकडे एकच झाली की आणखीही झाली, हे सांगणारा असा अहवाल आपल्याकडे निघत नाही. त्या अभियंत्याचे प्रकरण वृत्तपत्रांत आले म्हणून आपल्याला कळले.

आमच्या टेबलावर

कायदा बदलायची वाट न पाहता पुरवठादाराला बरेच काही करता येते. आमच्याकडे विचारणा आली की आधी एका तक्त्यात उतरवतात: आयपी पत्ता, पोर्ट क्रमांक, तारीख, चोवीस तासांच्या पद्धतीने तास-मिनिट-सेकंद, आणि ही वेळ भारतीय की जागतिक प्रमाण. एक रकाना जरी रिकामा असला तरी नोंदी उघडायच्या नाहीत, अधिकाऱ्याला लेखी विचारायचे. नाव काढल्यावर दुसऱ्या माणसाने तेच काम पहिल्याचे उत्तर न पाहता पुन्हा करायचे. दोघांची उत्तरे जुळली तरच पत्र जाते. त्या पत्रात एक ओळ कायम असते: 'सदर माहिती जोडणीची आहे, वापरणाऱ्या व्यक्तीची नाही.'

सुरुवातीला काही अधिकारी चिडले. तपासात खोडा घालता का, असेही फोनवर ऐकावे लागले. एका उपनिरीक्षकांना मी येरवड्याचे हे प्रकरण पहिल्यापासून सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, जरा थांबले आणि म्हणाले, "मूळ मेल बघतो आणि कळवतो." चाळीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. आधीच्या पत्रात वेळ होती १०:४०. मूळ मेलमध्येही १०:४०च होती, पण जागतिक प्रमाण वेळेतली. म्हणजे आपल्याकडचे दुपारचे ४:१०.